उचलणार कोण? मोबिलिटी स्कूटरसाठी गाडी आणि हॉइस्ट निवडताना

मुंबईत "आईसाठी स्कूटर घेतली" असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "ॲक्टिव्हा? बाजूला चाकं लावून?" म्हणून आधी तेवढं स्पष्ट करते. मोबिलिटी स्कूटर म्हणजे तीन किंवा चार बुटक्या चाकांची, बॅटरीवर चालणारी, खुर्चीसारखी सीट आणि समोर हँडल असलेली गाडी. लहान स्कूटर माणसाच्या चालीने, ताशी पाच-सहा किलोमीटरने जाते. आमच्या मुलुंडमधले पेव्हर ब्लॉक आणि उघडी गटारं पाहता ती घरून रस्त्याने कुठे न्यायची नसते. मोटारीत टाकायची, शिवाजी पार्कला, मरिन ड्राइव्हला, मॉलमध्ये किंवा लग्नाच्या हॉलवर उतरवायची आणि मग आई तिची राणी.

सगळी गोम त्या "मोटारीत टाकायची" या दोन शब्दांत आहे.

आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी गाडी घेतली, तीही सीएनजी, कारण मुंबईत सीएनजीशिवाय परवडत नाही असं घरात सगळ्यांचं एकमत होतं. स्कूटर आली तेव्हा डिकीत टाकी ऐसपैस बसलेली. पहिल्या दिवशी मुलुंड ते दादर मी मागच्या सीटवर होते, मांडीवर स्कूटरची सीट, पायाशी बॅटरी, आणि मागचा भाग शेजारी सीटबेल्ट लावून पाहुण्यासारखा. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी माणूस, मग स्कूटर, मग उचलणारा, मग हॉइस्ट (स्कूटर उचलून डिकीत ठेवणारं यंत्र), आणि गाडी सगळ्यांत शेवटी. शोरूमवाला हा क्रम कधीच सांगणार नाही.

आधी माणूस

ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे त्यांना बिनधास्त विचारा: आधाराशिवाय किती पावलं चालता येतं? उभं किती वेळ राहता येतं? माझ्या आईला सांधेवात आहे, वय ७४. ती गाडीला हात टेकत दहा-पंधरा पावलं जाते. हा आकडा फार महत्त्वाचा, कारण स्कूटर मागे डिकीत आणि बसायची जागा पुढे. ती एकटीने स्कूटर चढवणार असेल, तर चढवून झाल्यावर तिला गाडीच्या कडेने पुढच्या दारापर्यंत यायचं आहे. तेवढंही जमत नसेल तर सोबत कोणीतरी लागणारच, आणि मग हॉइस्टची निवडही त्या सोबतच्या माणसाकडे बघून करायची.

हाताची पकडही पाहा. आईच्या बोटांनी छोटी कडी दाबली जात नाही, पण रिमोटचं मोठं बटण दाबलं जातं. आमचे निम्मे निर्णय या एका गोष्टीवरून ठरले.

मग स्कूटर, काट्यावर ठेवून

ढोबळमानाने चार जाती. घडीची, लिथियम बॅटरीची स्कूटर साधारण २० ते ३० किलोंची. सुटी होणारी प्रवासी स्कूटर एकूण ४० ते ५० किलोंची, पण चार-पाच तुकड्यांत. त्यातला सगळ्यांत जड तुकडा, म्हणजे मोटर असलेला मागचा भाग, १३ ते १८ किलोंचा. मधल्या आकाराची ६० ते ९० किलोंची. मोठी, रस्त्यावरची स्कूटर शंभराच्या वर. ही शेवटची मुंबईच्या गाडीत नेण्याचा विचार सोडून द्या, लिफ्टमध्येच अडकेल.

कॅटलॉगमधल्या वजनावर विश्वास ठेवू नका. कुठे बॅटरी वगळून लिहिलेलं असतं, कुठे सीट वगळून. घरातल्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग तुकडा हातात घेऊन, आणि वजाबाकी करा. दोन १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा डबाच आठ-नऊ किलोंचा भरतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी वापरलेली स्कूटर पाठवली असेल (असं पुष्कळ होतं), तर चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर ठीक. नुसतं ११० असेल आणि आपल्या सॉकेटमध्ये घातलात, तर धूर निघेल. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने ठेवली की मरते. पावसाळ्यात फिरणं बंद असलं तरी चार्जिंग चालू ठेवायचं.

आता टेप घ्या. हँडल खाली पाडून आणि सीट काढून लांबी, रुंदी, उंची मोजा. मग फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणून त्या मापाचा डबा बनवा. हसू नका. गाडी पाहायला जाताना आम्ही हाच डबा बरोबर नेला. सेल्समनने आधी भुवया उंचावल्या, पण तिसऱ्या गाडीच्या डिकीत तोच डबा तिरका करून पाहायला लागला.

उचलणार कोण?

या प्रश्नाला मुंबईत एकच उत्तर येतं: "वॉचमन आहे ना!" आहे. पण तो घरच्या सोसायटीत आहे. तुम्ही जिथे जाणार तिथे नाही. आणि प्रत्येक वेळी भय्याला हाक मारायची, त्याने दारं उघडणं सोडून यायचं, मग आपण वीस रुपये काढायचे... आईने दोन महिन्यांत बाहेर जाणंच कमी केलं. कारण विचारलं तर म्हणाली, "अगं, कुणाकुणाचे उपकार घेऊ?"

घरातल्या माणसांचाही खरा हिशेब करा. १५ किलोंचा तुकडा जमिनीवरून एकदा उचलणं वेगळं आणि डिकीच्या उंबरठ्यावरून आत वाकून ठेवणं वेगळं. त्यात दिवसाला चार खेपा: घरून चढव, तिथे उतरव, तिथून चढव, घरी उतरव. माझा नवरा ५६ वर्षांचा. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या कमरेला पट्टा आला.

घरात तिशीतलं धट्टंकट्टं माणूस कायम सोबत असेल आणि स्कूटर घडीची, पंचवीस किलोंच्या आतली असेल, तर हॉइस्टच्या फंदात पडूच नका. अशी स्कूटर टॅक्सीतही जाते. मात्र ॲपवरच्या बहुतेक टॅक्स्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, त्यामुळे ती मागच्या सीटवर ठेवायची तयारी हवी.

रॅम्प का नाही?

हा सगळ्यांचा पुढचा प्रश्न. इमारतीतल्या रॅम्पला एकास बारा असा चढ धरतात. डिकीचा उंबरठा जमिनीपासून ७० सेंटीमीटर असेल तर त्या हिशेबाने ८ मीटर ४० सेंटीमीटर लांबीचा रॅम्प लागेल. मुंबईत तेवढ्या जागेत दोन गाड्या उभ्या असतात. घडीचा दोन मीटरचा रॅम्प घेतला तर चढ होतो जवळजवळ एकास तीन. त्यावरून रिकामी स्कूटर, शेजारी चालत, अगदी हळू चढवता येते. बसून कधीच चढवायची नाही, ती मागे उलटते. शिवाय गाडीमागे रॅम्पचे दोन मीटर आणि स्कूटर वळवायला आणखी एक-दीड मीटर मोकळं लागतं. हिंदू कॉलनीत कुठल्याही संध्याकाळी ते शोधून दाखवा.

हॉइस्ट: टू-वे की फोर-वे

डिकीतला हॉइस्ट म्हणजे डिकीच्या एका कोपऱ्यात पक्का बसवलेला खांब, त्यावर फिरणारा हात आणि त्याला लोंबणारा पट्टा. पट्टा स्कूटरला अडकवायचा, रिमोट दाबायचा, स्कूटर वर येते, हात आत फिरतो, स्कूटर खाली बसते. परदेशात हे सर्रास मिळतं. ब्रिटनची ऑटोचेअर, अमेरिकेची ब्रूनो या त्यातल्या जुन्या कंपन्या. आपल्याकडे मागवून घ्यावं लागतं, किंवा गाड्यांमध्ये अपंगांसाठी बदल करून देणाऱ्यांकडून बसवून घ्यावं लागतं.

टू-वे हॉइस्टमध्ये वर-खाली करणं मोटर करते, आत-बाहेर आपण हाताने ढकलायचं. फोर-वेमध्ये चारही हालचाली मोटरच्या. टू-वे स्वस्त आणि हलका, आणि सपाट जागी पुरेसा. पण गाडी उतारावर उभी असेल तर लटकलेली स्कूटर आपणहून उताराच्या बाजूला झुलते. पाली हिलवर एका नातेवाइकांच्या दारात आमची अशी झुलली आणि बंपरवर ओरखडा देऊन गेली. आधी भाड्याने आणून पाहिलेला तो टू-वे आम्ही परत केला. उचलणारं माणूस वयस्क किंवा हाताने अधू असेल तर फोर-वेच घ्या, पैसे जास्त गेले तरी.

क्षमता ठरवताना स्कूटरच्या खऱ्या वजनावर थोडा हात राखून घ्या. ६५ किलोंच्या स्कूटरला ८० किलोंचा. टोपलीतली पाण्याची बाटली, छत्री, आईची जपमाळ, सगळं उचलण्याआधी बाहेर.

पट्टा कुठे अडकवायचा हे विक्रेत्याला स्कूटर समोर ठेवून विचारा. सीटला, हाताच्या दांड्याला किंवा हँडलला धरून स्कूटर उचलायची नसते. ते भाग त्यासाठी बनलेलेच नाहीत. स्कूटरच्या सांगाड्याला खास ब्रॅकेट लागतं आणि ते अशा जागी हवं की उचलल्यावर स्कूटर सपाट राहील, नाक खाली घालणार नाही.

इथे एक इशारा, आमच्या पैशांनी विकत घेतलेला. पहिल्यांदा आम्ही एका फॅब्रिकेटरकडे गेलो. "मॅडम, कशाला इम्पोर्टेड, मी निम्म्यात बनवतो," म्हणाला. त्याने बांधकामावर वापरतात तो २३० व्होल्टचा छोटा हॉइस्ट आणला, इन्व्हर्टरवर चालवला, आणि खांब डिकीच्या तळाच्या पत्र्याला बोल्ट मारून उभा केला. तिसऱ्या खेपेला पत्रा फुगला. हॉइस्ट गाडीच्या १२ व्होल्टवरच चालणारा हवा. त्याची जाड वायर थेट बॅटरीपर्यंत जायला हवी आणि बॅटरीजवळ फ्यूज हवा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर भागत नाही. ते साधारण १० अँपिअरचं असतं, ७० किलो उचलायला नव्हे. आणि खांबाचा जोर सांगाड्यावर किंवा सीटच्या मूळ बोल्टांवर यायला हवा, पातळ पत्र्यावर नाही. भोक पाडण्याआधी गाडी वर घेऊन खालून पाहायला लावा: पेट्रोलची टाकी आणि सीएनजीची नळी तिथूनच जाते.

आता गाडी

डिकीचे लिटर विसरा. लिटर सुटकेससाठी असतात. आपल्याला चार मापं हवीत: दार उघडल्यावर मिळणाऱ्या तोंडाची रुंदी, त्याची उंची, उंबरठा जमिनीपासून किती वर आहे, आणि उंबरठ्याच्या आत तळ किती खोल जातो. खोल तळ वाईट. स्कूटर आधी वर आणि मग विहिरीत उतरवावी लागते.

सेडान बाद. डिकी मोठी असते पण तोंड चिंचोळं, आणि हॉइस्टच्या हाताला वर जागाच नाही. ज्या गाड्यांचं मागचं दार आडवं, फाटकासारखं उघडतं, जशी थार किंवा जिम्नी, त्यांचं दार फुटपाथ किंवा मागच्या गाडीवर अडतं. मागचं दार छतापासून वर उघडणारी उंच, चौकोनी पाठीची गाडी हवी. पावसात तेच दार डोक्यावर छत्रीसारखं होतं, हा फायदा मुंबईकराला समजावून सांगायला नको.

वॅगन आर हा साधा, शहाणा पर्याय आहे. सीट उंच असल्याने आईला बसताना गुडघे फार मोडावे लागत नाहीत, आणि मागची सीट पाडली की सुटी होणारी स्कूटर छान बसते. पण हॉइस्ट, स्कूटर आणि पाच माणसं असा संसार त्यात मावत नाही. रेनॉ ट्रायबरची तिसरी रांग पूर्ण काढून घरी ठेवता येते. मग ६२५ लिटरची जागा मिळते आणि मधली रांग शाबूत राहते. लांबी चार मीटरच्या आत, इंजिन ९९९ सीसी. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, अर्टिगासारख्या चार मीटरहून लांब गाडीवर ४०. अर्टिगात सातही जण बसले तर मागे २०९ लिटर उरतात, म्हणजे स्कूटरला काहीच नाही. तिसरी रांग पाडली की ५५०. मोठं कुटुंब आणि मधल्या आकाराची स्कूटर असेल तर अर्टिगाचा विचार करा, पण ती गर्दीत लावायला लांब पडते. ईको लोकांना मालवाहू वाटते. मला ती या कामाला आवडली होती: चौकोनी पाठ, सरळ भिंती, सरकती दारं. आईला आवडली नाही. "भाजीच्या गाडीतून जायचं का आता?" विषय संपला.

सीएनजी हवीच असेल तर टाकी कुठे आहे ते बघा. साठ लिटरची एक टाकी डिकीत उभी असेल तर हॉइस्टचं नाव सोडा. टाटा आणि ह्युंदाईच्या काही गाड्यांत दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली दडवलेल्या असतात. सामानाला जागा मिळते खरी, पण तळ उंच होतो आणि तिथे बोल्ट मारायचा प्रश्नच येत नाही. त्यात हातांनी ठेवायची घडीची स्कूटर शोभते. आम्ही शेवटी जुनी गाडी विकून पेट्रोलची ट्रायबर घेतली. महिन्याचा खर्च वाढला. चालतंय.

गाडीचं एकूण परवानगीचं वजन आणि रिकामं वजन यांतला फरक काढा. त्यात माणसं, हॉइस्ट आणि स्कूटर यांची बेरीज बसायला हवी. हॉइस्टच पंधरा ते तीस किलोंचा असतो आणि तो कायम गाडीत असतो. स्टेपनी डिकीच्या तळाखाली असेल तर हॉइस्ट बसवल्यावर ती निघते का, हे गाडी घेण्याआधी बघा. पंक्चर ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर झाल्यानंतर नव्हे.

आणि पार्किंग. नव्या इमारतींत यांत्रिक पार्किंग असेल तर पॅलेटची (गाडी ज्यावर उभी करतात त्या फलाटाची) उंचीची मर्यादा मॅनेजरकडून लिहून घ्या. उंच गाडीला वरचे पॅलेट चालत नाहीत. पॅलेटवर डिकी उघडता येत नाही, म्हणून स्कूटर आधी पोर्चमध्ये उतरवावी लागते आणि तोवर मागे चार गाड्या हॉर्न वाजवतात. आम्ही सोसायटीच्या कमिटीला पत्र देऊन जमिनीवरची, कडेची जागा मागितली. दोन मीटिंगा गेल्या, मिळाली.

कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत नोंदणीच्या तपशिलाला छेद देणारा बदल परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तीसाठी बदल केलेल्या गाडीची, 'अडॅप्टेड व्हेइकल'ची, वेगळी व्याख्या कायद्यात आणली. पक्का हॉइस्ट आणि काढलेली सीट हा बदल नोंदवावा लागेल का, हे बसवण्याआधी आपल्या आरटीओत अर्ज देऊन विचारा. आमचं वडाळा, एमएच-०३. पश्चिम उपनगरांना अंधेरी किंवा बोरिवली, दक्षिण मुंबईला ताडदेव. सोबत अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड असू द्या. इन्शुरन्स कंपनीलाही लेखी कळवा. पॉलिसीत इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजचा रकाना असतो, हॉइस्टची किंमत तिथे चढवून घ्या. गाडीची वॉरंटी वायर जोडल्याने जाते का, हे सर्व्हिस सेंटरकडून ईमेलवर घ्या. तोंडी "काय नाय होत" चालणार नाही.

सराव, घरच्या अंगणात

पहिली खेप मरिन ड्राइव्हला करू नका. रविवारी सकाळी सोसायटीत चार-पाच वेळा चढव-उतार करा आणि वेळ लावून पाहा. आम्हाला पहिल्यांदा अठरा मिनिटं लागली, आता सहा.

आमचा क्रम असा. निघताना आधी आई पुढच्या सीटवर, दार बंद, एसी चालू, मग स्कूटर. पोचल्यावर आधी स्कूटर बाहेर, सीट लावून पुढच्या दाराशी आणायची, मग आई. उचलण्याआधी स्कूटरची किल्ली काढायची. ढकलताना मागचा खटका न्यूट्रलला घ्यावा लागतो, आणि न्यूट्रलला तिला ब्रेक नसतो. जागेवर आली की खटका लगेच परत. हे एकदा विसरलो तर स्कूटर पाच उद्यानाच्या कोपऱ्यावरून एकटीच माटुंगा स्टेशनकडे निघाली होती. एका शाळकरी मुलाने धरली.

आत ठेवल्यावर नुसता हॉइस्टचा पट्टा पुरेसा नाही. दोन रॅचेट पट्ट्यांनी स्कूटर गाडीच्या हुकांना आवळून बांधा. अचानक ब्रेक लागला तर पन्नास किलोंची वस्तू मागच्या सीटच्या पाठीवर येऊन आदळते.

पावसाचं वेगळं. जून ते सप्टेंबर डिकीत जुना प्लास्टिकचा टेबलक्लॉथ अंथरलेला असू द्या, हँडलवरच्या बटणांना प्लास्टिकची पिशवी, आणि साचलेल्या पाण्यात स्कूटर घालायची नाही. मोटर आणि बॅटरी अगदी खाली असतात. वरळी सी फेसला भरतीच्या वेळी उडणारं पाणी खारं असतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने स्कूटर आणि हॉइस्टचा हात पुसून कोरडा करा, नाहीतर एका मोसमात गंज धरतो. वर्षातून एकदा पट्टा पूर्ण उलगडून त्याचे धागे सुटलेत का ते उजेडात बघायचं.

हॉइस्ट बसवणाऱ्याने जाण्याआधी दोन गोष्टी दाखवायलाच हव्यात: फ्यूज नेमका कुठे आहे, आणि वीज गेली तर अर्ध्यात लटकलेली स्कूटर हाताने खाली कशी आणायची. आमच्याकडे दोन जादा फ्यूज आणि एक टॉर्च ग्लव्ह बॉक्समध्ये असतात. रिमोट आई स्वतःच्या पर्समध्ये ठेवते, मला देत नाही.